हीच ती का?

आपल्याकडे संग्रहालयाच्या दारात माणसे चपला काढायच्या बेतात असतात. रांगेत उभे राहायचे, काचेपलीकडच्या वस्तूला हात जोडायचे आणि बाहेर येऊन भेळ खायची. यातल्या भाविकपणाला मी नावे ठेवणार नाही. पण दर्शन घेणे वेगळे आणि पाहणे वेगळे. लोकांना पाहायला लावते ते संग्रहालय चांगले, अशी माझी साधी कसोटी आहे. सातारा-सांगलीकडची संग्रहालये मी तिच्यावरच घासून पाहतो.

साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे आली. गर्दी लोटली. आमची पोरेही गेली, आणि त्यांतल्या एकाने विचारले, "गुरुजी, हीच ती का?"

प्रश्न रास्त होता. वाघनखांच्या पेटीवरचा मजकूर सांगतो, की ती जेम्स ग्रँट डफला तो साताऱ्याचा रेसिडेंट असताना पेशव्यांच्या प्रधानाने दिली. अफझलखानाचा वध १६५९ मधला. डफ साताऱ्यास आला १८१८ मध्ये. मधल्या दीडशेहून अधिक वर्षांचा दुवा हाती नाही, आणि हीच ती असे खात्रीने सांगता येत नाही, हे लंडनचे संग्रहालय स्वतःच म्हणते. हे पोरांना सांगितले म्हणून महाराज काही लहान होत नाहीत. उलट खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. हा डफ म्हणजे पंचविशीतल्या प्रतापसिंह महाराजांना कारभाराचे धडे देणारा साहेब. इथले कागद जमवून त्याने लिहिलेला मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये छापला गेला. पुढे १८३९ मध्ये कंपनी सरकारने प्रतापसिंहांना पदच्युत केले, तेव्हा त्यांची दाद मागायला रंगो बापूजी लंडनला गेले, वर्षानुवर्षे तिथे खेटे घालत राहिले आणि रिकाम्या हातांनी परतले. साहेबाच्या सामानातून वस्तू गेली, फिर्याद घेऊन माणूस गेला. गाव तेच, शहर तेच! या दोन प्रवासांच्या कथा शेजारी शेजारी मांडल्या, तर त्या पोराला त्याच्या प्रश्नाचे केवढे मोठे उत्तर मिळेल.

सांगलीबद्दल थोडक्यात. पटवर्धन संस्थानिकांनी हौसेने जमवलेल्या वस्तूंचे तिथले संग्रहालय नीटनेटके आहे, पण माझे मन तिथे रमले नाही. ते रमले मिरजेच्या सतारमेकर गल्लीत. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे वाळून ओळीने टांगलेले, कुणी तंबोऱ्याची जवारी लावत बसलेला, तार छेडून पुन्हा कान देणारा. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. काचेच्या कपाटातला तंबोरा मुका असतो, इथला बोलतो.

आणि औंध! खटाव तालुक्यातले हे गाव पाऊस बेताचा, डोंगर उघडे अशा मुलखातले. तिथे यमाईच्या टेकडीवर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये श्री भवानी संग्रहालय उभारले. राजा स्वतः चित्रकार होता. त्याचे चित्ररामायण १९१६ चे. सचित्र महाभारत काढावे ही त्याचीच कल्पना, आणि तिच्यातूनच भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती निघाली. रविवर्मा आणि धुरंधर तर इथे आहेतच, पहाडी लघुचित्रे आहेत, आणि युरोपातल्या नामांकित कृतींच्या नकलाही आहेत. या नकलांकडे पाहून शहरी रसिक गालात हसतात. मला त्यांचे हसणे पटत नाही. खटावच्या शेतकऱ्याला फ्लॉरेन्सला कोण नेणार होते? राजाने फ्लॉरेन्सच टेकडीवर आणले. याच राजाने १९३९ मध्ये संस्थानाचा कारभार रयतेच्या हाती सोपवला. राज्य देणारा आणि चित्रे दाखवणारा माणूस एकच, हे विसरून औंधची चित्रे पाहताच येत नाहीत. निवडीत सरसनिरस आहे, भिंतींवर दाटी आहे, हे खरे. पण प्रत्येक दालनात एका माणसाची आवड बोलत राहते, आणि सरकारी मांडणीत हीच गोष्ट सहसा हरवते.

हेन्री मूरचे 'माता आणि बालक' हे दगडी शिल्प याच गावात आहे. जगभरच्या राजधान्यांनी ज्याची शिल्पे मिरवली, त्याचे काम पाहायला इथे एस. टी.ने यावे लागते, आणि ते तसेच राहावे. मात्र त्याच्यासमोर एक बाकडे हवे आणि मूर कोण होता हे सोप्या मराठीत सांगणाऱ्या चार ओळी हव्यात. गेल्या खेपेला यमाईचे दर्शन घेऊन आलेली एक म्हातारी त्याच्यापुढे थबकली. नातवाने सवयीने हात जोडले, तसे तिने त्याचे हात खाली केले.

"ह्यो देव न्हाई रं," ती म्हणाली. "कुणाची तरी आय हाय. बघ नीट."