'माझा साक्षात्कारी हृदयरोग' : दोन वाचने

डॉ. अभय बंग यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक राजहंस प्रकाशनाने २००० साली प्रसिद्ध केले. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. आपल्या बुऱ्हाणपुरातल्या जुन्या मराठी घरांतही त्याची एखादी प्रत दिसते. बहुधा घरात कोणाला तरी हृदयविकार झाल्यावर आणलेली. माझीही प्रत तशीच आली. २००६ साली, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, शासकीय सेवेत असताना मला हृदयविकाराचा झटका आला. इंदूरहून उपचार घेऊन परतल्यावर एका स्नेह्यांनी हे पुस्तक हाती ठेवले. ते मी तेव्हा वाचले आणि त्यानंतर थेट गेल्या वर्षी, निवृत्त होऊन बराच काळ लोटल्यावर, पुन्हा वाचले. पुस्तक तेच होते; वाचणारा मात्र तो राहिला नव्हता. या दोन वाचनांतील अंतराच्या आधारे पुस्तकाचे मोल ठरवण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रथम लेखकाची पार्श्वभूमी. डॉ. बंग हे गांधीवादी अर्थतज्ज्ञ ठाकुरदास बंग यांचे पुत्र. वर्धा-सेवाग्रामच्या वातावरणात ते वाढले, नागपूरला वैद्यक शिकले आणि अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले. १९८६ पासून पत्नी डॉ. राणी बंग यांच्यासह ते गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेद्वारे काम करीत आले. तो मुलूख आपल्याला वाटतो तितका परका नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला निमाड आणि गडचिरोली ज्यात मोडत असे तो चांदा जिल्हा, हे दोन्ही एकाच राज्यात होते आणि दोहोंची राजधानी नागपूर होती. अशा या कार्यमग्न डॉक्टरांना १९९५ साली, वय अवघे ४४ असताना, हृदयविकाराने गाठले. त्यानंतर त्यांनी स्वतःलाच अभ्यासाचा विषय केले. आपल्याला हा रोग का झाला आणि आता कसे जगावे, या दोन प्रश्नांभोवती पुस्तक उभे आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्यांना अमेरिकेतील डॉ. डीन ऑर्निश यांच्या संशोधनाचा आधार मिळाला. अत्यल्प स्निग्धांशाचा शाकाहार, व्यायाम, योगासने, ध्यान आणि परस्परांचा आधार यांनी हृदयरोग मागे हटवता येतो, असा त्यांचा दावा होता. तो निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९९० साली आला. बालकांच्या न्यूमोनियावरील बंग दांपत्याचा प्रसिद्ध निबंधही त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात आला होता. मला यात मोठा अर्थ दिसतो. दुसऱ्यांच्या मुलांचा श्वास वाचवण्याचे ज्ञान आणि स्वतःचे हृदय वाचवण्याचे ज्ञान एकाच वर्षाच्या अंकांत छापले गेले होते. पहिले पूर्ण आत्मसात झालेले होते, दुसऱ्याची गरज भासायला मात्र रोग यावा लागला. ज्ञान जवळ असणे आणि ते आपल्याला लागू आहे असे वाटणे, या दोन गोष्टींत केवढे अंतर असते!

आता माझ्या प्रतीकडे वळतो. पहिल्या वाचनात मी पेन्सिलीने बऱ्याच खुणा केल्या होत्या. त्या सगळ्या तेल किती, चालणे किती, प्राणायाम केव्हा, अशा मजकुरापाशी आहेत. शासकीय परिपत्रक वाचावे तसे मी ते पुस्तक वाचले : अंमलबजावणीयोग्य मुद्दे वेगळे काढले, त्यांचा तक्ता केला आणि तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावला. सौभाग्यवतींनी तो निष्ठेने पाळला, म्हणून आज हे लिहितो आहे. परंतु जिथे लेखक आपली घाई, आपला संताप आणि सर्व काही आपणच केले पाहिजे हा हट्ट तपासतो, त्या पानांवर एकही खूण नाही.

ती का नव्हती, हे सांगण्यासाठी एक खाजगी गोष्ट सांगणे भाग आहे. वडिलोपार्जित वाड्याच्या वाटणीवरून माझे आणि धाकट्या भावाचे बोलणे बंद होते. रुग्णालयात छतावरच्या पंख्याकडे पाहत पडलो असता मला लख्ख दिसले की हे भांडण क्षुद्र आहे. घरी गेलो की आधी त्याच्याकडे जायचे, असा निश्चय मी केला. तो खोटा नव्हता. दोन महिन्यांनी कामावर रुजू झालो. मार्चअखेर आली, मग विधानसभेचे प्रश्न, मग तपासण्या. दौऱ्यात त्याच्या गावावरून अनेकदा गेलो. वाहन थांबवले नाही. २०१४ साली तो गेला. त्याच्या दारात मी पहिल्यांदा पाऊल ठेवले ते त्याच दिवशी.

म्हणून दुसऱ्या वाचनात माझे पहिले भांडण पुस्तकाच्या नावाशी झाले. 'साक्षात्कारी' हा शब्द मोहक आहे, आणि फसवाही. साक्षात्कार म्हटला की एका क्षणी पडदा दूर होतो आणि माणूस कायमचा बदलतो, असे आपल्या मनात येते. संतचरित्रांनी आपल्याला तशी सवय लावली आहे. मृत्यू जवळून गेला की दृष्टी येते, हे खरे. जवळजवळ प्रत्येक रुग्णाला ती येते. पण ती टिकत नाही. खाटेवरून दिसलेले सत्य कार्यालयाच्या खुर्चीवरून दिसेनासे होते. रोग क्षणभर दिवा लावतो. तेल मात्र आपल्यालाच रोज घालावे लागते. आणि गंमत अशी की पुस्तकाचा गाभा हेच सांगतो. त्यात चमत्कारापेक्षा दिनक्रम अधिक आहे : रोजचे चालणे, रोजची आसने, रोजचे स्वतःकडे पाहणे. नाव एक सांगते आणि पाने दुसरे. माझ्यासारखा वाचक नावावर विसंबतो, साक्षात्कार झालाच आहे असे मानून स्वस्थ बसतो आणि तेलाचे चमचे मोजतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपला दिवस आपल्याला हवा तसा बांधता येईल, हे या पुस्तकाचे गृहीतक आहे. स्वतःची संस्था असलेल्या कार्यकर्त्याला ते साधते. निवृत्तिवेतन घेणाऱ्या मला आज साधते. आपल्या गावात यंत्रमागांच्या खडखडाटात बारा तासांची पाळी करणाऱ्या विणकराला ध्यानासाठी पहाट कोठून आणायची? ज्यांनी आयुष्य गरिबांच्या आरोग्याला दिले त्यांच्या पुस्तकाकडून ही अपेक्षा करणे अन्याय्य नाही. हे एका माणसाच्या आत्मशोधाचे पुस्तक आहे, हे उत्तर मला मान्य आहे. पण उत्तर मान्य झाले म्हणून उणीव नाहीशी होत नाही. पद्मजा फाटक यांनी मूत्रपिंडाच्या आजारावर लिहिलेल्या पुस्तकाला 'हसरी किडनी अर्थात अठरा अक्षौहिणी' असे नाव दिले. एका रोग्यामागे केवढे सैन्य उभे असते, हे त्या नावातच आले आहे. तशी सैन्याची जाणीव येथे, 'माझा' या पहिल्याच शब्दामुळे, काहीशी मागे पडते. माझ्या भिंतीवरचा तक्ता पाळणारे हात माझे नव्हते, हेही मला उशिराच उमजले.

हे आक्षेप घेऊनही मी पुस्तकाला थोर मानतो, आणि त्याचे कारण त्याच्या पानांबाहेर आहे. रोगाने शहाणा झालेला माणूस काम सोडतो, अशी आपली समजूत असते. येथे उलट घडले. गडचिरोलीतील नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग १९९५ ते १९९८ या काळातला, म्हणजे नेमका रोगाच्या आणि त्यातून सावरण्याच्या वर्षांतला. ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना शिकवून हे काम त्यांच्यावर सोपवण्यात आले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. डॉक्टराने जे करायचे ते खेड्यातल्या बाईच्या हाती सोपवणे, यात 'मीच करीन' हा हट्ट सुटणेही आहे. ही संबंधरेषा मी वाचक म्हणून ओढतो आहे. लेखकावर ती लादू नये. तरीही कामाकडे पाहण्याची नवी दृष्टी म्हणजे काम कमी करणे नव्हे, तर कामातला आपला वाटा खऱ्या मापाने पाहणे, हे मला याहून स्पष्टपणे कोणी सांगितलेले नाही. मी तीन दशके ज्या धारिका 'माझ्याशिवाय हलणार नाहीत' असे मानत होतो, त्या माझ्या निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी व्यवस्थित हलल्या.

आपल्या कुंडी भंडाऱ्याचे उदाहरण सर्वांच्या माहितीचे आहे. खानखानान अब्दुर्रहीम यांच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्यातून झिरपणारे पाणी भुयारांतून गावात आणले गेले. त्या भुयारांच्या भिंतींवर चुन्याचे थर चढत गेले आणि वाट अरुंद झाली. पाणी गढूळ नव्हते. त्या स्वच्छ पाण्यातच चुना होता. आमच्यासारख्यांच्या आयुष्याचेही तसेच होते. दुष्टपणाने नव्हे, तर कर्तव्याच्या नावाखाली साचलेल्या घाईने वाट बुजते. एकदा खरवडून भागत नाही.

ज्यांच्या घरी हे पुस्तक आहे त्यांना माझे सांगणे एवढेच की रुग्ण बरा झाल्यावर ते कपाटात ठेवू नये. आहाराचा तक्ता पहिल्या महिन्यात उपयोगी पडतो; बाकीची पाने दुसऱ्या वर्षी लागतात, जेव्हा भीती ओसरलेली असते आणि जुनी घाई परतलेली असते. माझ्या प्रतीतल्या त्या कोऱ्या पानांवर मी आता खुणा केल्या आहेत. भावाचा मुलगा गेल्या दिवाळीत येऊन गेला, तेव्हा ती प्रत मी त्याला दिली. तोही आता पंचेचाळिशीत आहे, आणि त्यालाही वेळ नसतो.