यंत्राच्या उंबरठ्यावरील भाषा

१

संगणकावर मराठी आली, हे आता नव्याने सांगावयास नको. ग्नोम व केडीई या लिनक्सवरील दर्शनी व्यवस्थांची मराठी भाषांतरे झाली आहेत, डेबियनच्या प्रस्थापनेत मराठी निवडता येते आणि देवनागरी टंक व कळफलक यांचा प्रश्नही पुष्कळसा सुटला आहे. या कार्याचे मोल कमी लेखण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. तथापि या सर्व मराठीचे एक समान लक्षण ध्यानात घेतले पाहिजे. ती यंत्र सुरळीत चालू झाल्यावर अवतरते. यंत्र चालूच झाले नाही, तर ते ज्या खुणांनी आपली अडचण सांगते, त्या खुणांचा भाषिक विचार आपल्याकडे फारसा झालेला दिसत नाही. प्रस्तुत लेखात तो थोडासा करून पाहावयाचा आहे.

या विचारासाठी एआरएम जातीच्या प्रक्रियकांवर चालणारे लहान संगणक विशेष सोयीचे आहेत. घरच्या मोठ्या संगणकात यंत्र विकत घेतानाच सर्व जुळणी झालेली असते. तळहाताएवढ्या एआरएम पाटीवर मात्र लिनक्स बहुधा आपले आपणच चढवावे लागते, आणि ते चढविताना यंत्राच्या उंबरठ्यावरचे सर्व व्यवहार उघडे पडतात. वीज मिळताच प्रक्रियकात कायमचा कोरलेला एक लहानसा कार्यक्रम जागा होतो. तो कार्डावरून दुसरा, किंचित मोठा कार्यक्रम उचलतो. तो दुसरा बूटलोडरला उठवितो आणि बूटलोडर शेवटी लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतीत आणून त्याच्या हाती कारभार देतो. खो-खोच्या खेळात एकाने खो देऊन बसावे आणि दुसऱ्याने धावू लागावे, तसा हा प्रकार आहे. एका वेळी एकच गडी धावत असतो. यंत्र कोठे अडले हे शोधणे म्हणजे शेवटचा खो कोणी कोणाला दिला हे शोधणे होय.

२

या उंबरठ्यावरील सर्वांत आदिम भाषा दिव्याची आहे. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आलेल्या रास्पबेरी पाय या संगणकावर एक लहान हिरवा दिवा असतो. आरंभक्रमात आवश्यक असलेली 'स्टार्ट' या नावाची फाइल सापडली नाही, तर तो चार वेळा लुकलुकतो. कर्नल सापडला नाही, तर सात वेळा. या खुणांत चार या संख्येचा त्या फाइलशी काहीही नैसर्गिक संबंध नाही. चिन्ह आणि अर्थ यांतील संबंध यादृच्छिक असतो, हा सोस्यूरचा सिद्धान्त वर्गात समजावून देताना याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. या भाषेत इंग्रजी जाणणारा व न जाणणारा हे दोघे अगदी समान पातळीवर असतात. दोघांनाही लागते ती केवळ किल्ली, आणि ती किल्ली मराठीत एका पानावर मावेल एवढीच आहे.

दुसरी गोष्ट नाव आणि स्थान यांच्या भेदाची. रास्पबेरी पायचा आरंभक कार्डावरील विभागात शिरून फाइल नावाने शोधतो. नावात एका अक्षराची चूक झाली की त्याच्या लेखी फाइल अस्तित्वातच नाही. याउलट ऑलविनर कंपनीच्या प्रक्रियकांतील कोरीव कार्यक्रम नाव पाहतच नाही. कार्डाच्या आरंभापासून ८ किलोबाइट अंतरावर जे काही लिहिलेले असेल, ते तो तपासतो व पटले तर उचलतो. एक नावाने हाक मारणारा, दुसरा घर क्रमांक पाहून दार ठोठावणारा.

हा भेद न कळल्यामुळे नवशिक्याची हमखास चूक होते. तो उतरवून घेतलेली लिनक्सची इमेज-फाइल कार्डावर 'कॉपी' करतो. यादीत फाइल दिसते. नावही बरोबर असते. यंत्र मात्र ढिम्म. फाइल म्हणून कार्डावर ठेवणे आणि त्या फाइलमधील मजकूर कार्डाच्या पहिल्या घरापासून बिंदूला बिंदू जुळवून उमटविणे, या दोन सर्वस्वी भिन्न क्रिया आहेत. बोलण्यात आपण दोहोंसाठी 'कार्डावर कॉपी केली' एवढेच म्हणतो. 'इमेज'साठी 'प्रतिमा' हा शब्द योजल्याने गोंधळ वाढतो, कारण प्रतिमा म्हटले की चित्र डोळ्यांपुढे येते. आमच्या मते येथे 'ठसा' हा जुना मराठी शब्द अधिक अर्थवाही आहे. ठसा ठेवावयाचा नसतो, उमटवावयाचा असतो. योग्य क्रियापद नामाबरोबरच येते आणि चूक होण्याची शक्यता तेथल्या तेथे कमी होते.

३

आता अक्षरी संदेशांकडे वळू. या लहान संगणकांपैकी पुष्कळांवर यू-बूट नावाचा बूटलोडर असतो. पडदा जागा होण्याच्या कितीतरी आधीपासून तो एका क्रमिक तारेवरून सेकंदाला १,१५,२०० बिट या वेगाने बोलत असतो. त्याचे बोलणे ऐकण्यासाठी तीनच तारा लागतात : एक जमिनीची, एक बोलण्याची व एक ऐकण्याची. येथे एकाची बोलण्याची तार दुसऱ्याच्या ऐकण्याच्या तारेस जोडावी लागते. दोघांच्या बोलण्याच्या तारा एकमेकींस जोडल्या, तर दोघेही बोलतात आणि ऐकत कोणीच नाही.

काही महिन्यांपूर्वी पनवेल येथे आमच्या घरी एक विद्यार्थी अशीच एक पाटी घेऊन आला. मराठी उच्चारांचे ध्वनिमुद्रण खेड्यापाड्यांत नेऊन करता यावे, यासाठी तो तिच्यावर लिनक्स चढवीत होता. यंत्र बिघडले, ते आता परत करतो, असे त्याचे म्हणणे होते. तारा जोडून पाहिल्या, तेव्हा यू-बूटचे बोलणे स्वच्छ उमटू लागले. कार्ड सापडले, कर्नल वाचला गेला आणि अखेरीस 'स्टार्टिंग कर्नल' अशी ओळ आली. पुढे काही नाही. विद्यार्थ्याने अर्थ केला : 'कर्नल सुरू होत आहे, पण होता होता अडकला आहे.'

त्याची चूक व्याकरणाची होती, आणि म्हणूनच ती आम्हांस उद्‌बोधक वाटली. त्या इंग्रजी ओळीत कर्ता नाही. मराठीत आणावयाची झाल्यास क्रियापद प्रथम निवडावे लागते : 'होणे' की 'करणे'? 'कर्नल सुरू होत आहे' असे म्हटले की बोलणारा कर्नल आहे असा भास होतो. 'कर्नल सुरू करीत आहे' असे म्हटले की बोलणारा दुसरा कोणी आहे हे कळते. प्रत्यक्षात ही ओळ यू-बूटची आहे. तो त्याचा निरोप आहे, तो त्याचा खो आहे. त्यानंतरचे मौन यू-बूटचे नव्हे. कारण त्याचे काम संपले. ते मौन पुढच्या गड्याचे आहे. मग शोध यू-बूटमध्ये घेत बसण्यात अर्थ नाही. पुढचा गडी उठला नाही काय, की उठून दुसरीकडे तोंड करून बोलत आहे, एवढेच पाहावयाचे राहते.

येथे तसेच निघाले. कर्नलने कोणत्या तारेवर बोलावे, हे त्याला बूटलोडरकडून 'कन्सोल' या शब्दापुढे सांगितले जाते. विद्यार्थ्याने ती ओळ दुसऱ्या पाटीच्या मार्गदर्शिकेतून उचलली होती. कर्नल बिचारा सुरू होऊन, जेथे कोणी ऐकत नव्हते अशा तारेवर बोलत होता. एक शब्द बदलताच पडद्यावर ओळींचा पाऊस पडला. अशा मौनाची दुसरीही कारणे असतात. पाटीवरील अवयवांची माहिती देणारी डिव्हाइस ट्री चुकीची दिली तरी हेच घडते. परंतु पहिली पायरी 'हे वाक्य कोणाचे?' हीच आहे, आणि ती अर्थनिर्णयाची पायरी आहे.

४

आता प्रश्न असा की, मराठीत आज उपलब्ध असलेली साधने या पायरीपर्यंत वाचकास नेतात काय?

दर्शनी व्यवस्थेची भाषांतरे नेत नाहीत, हे वर आलेच. त्यास तांत्रिक कारणही आहे. लिनक्सच्या साध्या अक्षरी पडद्यावर फार तर ५१२ अक्षराकृती बसतात आणि अक्षरे जोडून नवी आकृती घडविण्याची सोय तेथे नाही. 'क्षि' लिहावयाचे तर वेलांटी आधी, जोडाक्षर नंतर, अशी उलटापालट करावी लागते; ती त्या पडद्यास जमत नाही. म्हणूनच डेबियनची मराठी प्रस्थापना चित्रमय पद्धतीतच दिसते.

मुंबईच्या आय.आय.टी.त कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिलेला 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम याहून वेगळ्या जातीचा आहे व त्याची दखल आदराने घेतली पाहिजे. लिनक्ससह अनेक विषयांचे लहान लहान पाठ त्याने तयार केले. त्यांची योजना अशी की, पडद्यावरची अक्षरे इंग्रजीच ठेवावयाची, निवेदन मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत द्यावयाचे. डोळ्यांना मूळ, कानांना मराठी. भाषाशास्त्रीय दृष्ट्या ही योजना फार विचारपूर्वक केलेली आहे. मूळ संज्ञेस धक्का न लावता तिचा अर्थ मातृभाषेत उलगडावा, हे तत्त्व तिच्यामागे आहे.

तिची मर्यादाही तिच्या रचनेतच आहे. पाठ म्हणजे पडद्याचे चित्रण. चित्रण करणारे साधन स्वतःच चालू यंत्रावर चालते. त्यामुळे जे यंत्र अद्याप चालू झालेले नाही, त्याचा आरंभ त्याच यंत्रावर चित्रित होऊ शकत नाही. शिवाय पाठातील कृती यशस्वी होते. विद्यार्थ्याची होत नाही, तेव्हाच त्याला शिक्षकाची गरज असते. याच संस्थेने आकाश टॅब्लेटवर कार्डावरून चालणारे लिनक्सही सिद्ध केले होते. त्या टॅब्लेटची सुधारित आवृत्ती ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते प्रकाशित झाली. तिच्यात ऑलविनरचाच प्रक्रियक होता. हा प्रक्रियक अंतर्गत स्मृतीच्या आधी कार्ड पाहतो, म्हणून मूळ अँड्रॉइडला हात न लावता लिनक्स चालविता येत असे. इतक्या स्वस्त यंत्रावर अशी मोकळीक मिळणे ही मोठी शैक्षणिक संधी होती. परंतु कार्ड घालूनही यंत्र उठले नाही तर काय वाचावे, हे मराठीत सांगणारे कोणी त्याबरोबर हवे होते.

राहिली परिभाषा. महाराष्ट्र शासनाने १९६० साली भाषा संचालनालय स्थापिले, तेव्हापासून पारिभाषिक शब्दांची मोठी रास जमली आहे. पण प्रस्तुत विषयात नाम घडवून भागत नाही. 'माउंट' या संज्ञेसाठी कोणी 'आरोहण' असा शब्द सुचविला, तर तो कोशात शोभेल; 'मूळ फाइलव्यवस्था जोडता आली नाही' हे मात्र त्यातून कळणार नाही. शब्दाला प्रतिशब्द मिळाला की अर्थ पोहोचला, हा आपला जुना भ्रम आहे.

५

मग हे संदेश मराठीत भाषांतरित करावेत काय? तारेवरून येणारी अक्षरे ऐकणारा संगणक काढतो. तेव्हा तेथे देवनागरी अशक्य आहे असे नाही. तरीही आमचे उत्तर नकारार्थी आहे. असा संदेश हे वाक्य असले, तरी तो वापरला जातो एखाद्या नावासारखा. त्याच अक्षरांनी जगभरातील लोक आपली अडचण एकमेकांस सांगतात व उपाय शोधतात. तो बदलला की मराठी वाचक त्या समाजातून बाहेर पडेल.

या अडचणीतून मार्ग दाखविणारी परंपरा मराठीत फार जुनी आहे, ती टीकेची. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेचे श्लोक बदलले नाहीत. त्यांवर मराठीत टीका रचली. महानुभावांनी सूत्रे जशीच्या तशी जपली आणि त्यांभोवती भाष्ये उभारली. बूटलोडरचे संदेशही सूत्रांसारखेच आहेत : आखूड, कर्त्यावाचून उच्चारलेले, आणि संदर्भ जाणणाऱ्यासच कळणारे. सूत्राला हवे असते भाष्य. प्रत्येक संदेशाखाली चार गोष्टी मराठीत दिल्या की पुरे : हे वाक्य कोणाचे, ते क्रमात कोठे येते, यानंतर मौन पडल्यास ते कोणाचे, आणि प्रथम काय तपासावे. पन्नास-साठ संदेशांचे असे भाष्य एखाद्या विभागातील दोन विद्यार्थी एका वर्षात सिद्ध करू शकतील. क्रमिक तारेवरचे बोलणे दुसऱ्याच संगणकाच्या पडद्यावर उमटत असल्यामुळे त्याचे चित्रण करता येते. म्हणजे स्पोकन ट्युटोरियलची रीत याच कामी लावता येईल, आणि या वेळी फसलेले प्रयोग मुद्दाम दाखवावेत.

तो विद्यार्थी यंत्र परत करावयास निघाला होता, ते यंत्र बिघडलेले नव्हते. ते बोलत होते. त्याचे वाक्य कोणाचे, हे कळले नाही इतकेच. इंग्रजीच्या जुजबी ज्ञानावर शिकणाऱ्या किती विद्यार्थ्यांनी अशा एका ओळीपाशी 'हे आपल्याला जमणारे नाही' असा स्वतःविषयीच निष्कर्ष काढला असेल, याचा विचार केला म्हणजे हे भाष्य केवळ हौसेचे काम राहत नाही. भाषेच्या विद्यार्थ्यांनी हे काम तंत्रज्ञांवर सोडून स्वस्थ बसू नये, एवढीच विनंती.