एस्पेरांतोची लिपी : तत्त्व आणि व्यवहार

कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषांच्या इतिहासात व्याकरणाची चर्चा विपुल झाली. लिपीची मात्र त्या मानाने कमी. लुडविक झामेनहोफ यांनी १८८७ साली वॉर्सा येथे प्रसिद्ध केलेल्या एस्पेरांतोची लिपी या दृष्टीने चिकित्सेस पात्र ठरते. रोमन वर्णमालेवर आधारलेल्या या लिपीत २८ अक्षरे असून ‘एका ध्वनीस एक अक्षर’ हे तिचे मूलतत्त्व होय. मराठीत ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील ‘च’चे दोन भिन्न उच्चार एकाच अक्षराने लिहिले जातात. एस्पेरांतोत ‘चाक’मधील उच्चारासाठी साधा सी, तर ‘चार’मधील उच्चारासाठी टोपीसारखे चिन्ह असलेला सी योजला आहे. अशी चिन्हांकित अक्षरे एकूण सहा आहेत.

भाषाशास्त्रीय दृष्ट्या ही योजना तर्कशुद्ध आहे. परंतु ही अक्षरे बहुतेक छापखान्यांत उपलब्ध नव्हती. म्हणून टोपीऐवजी अक्षरापुढे एच लिहिण्याची मुभा झामेनहोफ यांनीच दिली. मूलतत्त्वाला पहिला तडा येथे गेला. ‘फ्लुग’ (उड्डाण) आणि ‘हावेनो’ (बंदर) यांपासून विमानतळ या अर्थाचा ‘फ्लुगहावेनो’ हा सामासिक शब्द बनतो. सवलतीच्या लेखनात त्यातील जी व एच ही एकाच ध्वनीची खूण समजली जाण्याचा संभव राहतो.

१८९४ मध्ये झामेनहोफ यांनी ही चिन्हे वगळण्यासह अनेक सुधारणा वाचकांपुढे मतासाठी ठेवल्या. बहुमताने त्या नाकारल्या. १९०७ मध्ये पुढे आलेल्या ‘इदो’ या सुधारित भाषेने चिन्हे काढून टाकली, पण ‘च’ आणि ‘श’ या ध्वनींसाठी जोडअक्षरे स्वीकारली. छपाईची अडचण दूर झाली. तत्त्व मात्र हातचे गेले. तरीही इदोचा प्रसार एस्पेरांतोइतका झाला नाही. पुढे युनिकोडमुळे संगणकावर ही सहाही अक्षरे उपलब्ध झाली आणि चिन्हांवरील मुख्य आक्षेपाची धार बोथट झाली.

एस्पेरांतोच्या लिपीची खरी मर्यादा वेगळी आहे. रोमन वर्णमालेचा परिचय तिने गृहीत धरला. चिनी वा अरबी वाचकाच्या दृष्टीने तिचे आंतरराष्ट्रीयत्व युरोपपुरतेच होते. ही मर्यादा मान्य करूनही एक निष्कर्ष निघतो : लिपीची निर्दोषता रचनाकार ठरवू शकतो; तिचे आयुष्य मात्र ती वापरणारा समाजच ठरवतो.