मोरीशेजारचं क्रिकेट

ज्याच्या नावाचं स्पेलिंग ‘वाचन’ आणि उच्चार ‘रेडिंग’, त्या गावात आमची लेक राहते. तिथल्या पबांविषयी थोडं अधिकारवाणीने सांगतो. पडदे भरपूर, पण क्रिकेटच्या वाट्याला येतो तो मोरीच्या दाराशेजारचा, आणि तोही मुका! शनिवारी दुपारी तीनचा फुटबॉल तर इंग्लंडात सहसा थेट दाखवतच नाहीत. लोकांनी मैदानावर जावं म्हणून. वेटर नाही. काउंटरशी जाऊन आपणच मागायचं, पैसे मोजायचे, आणि तेवढ्यात इकडे विकेट पडलेली!

१० जुलै २०१९. मोठ्या पडद्यावर विम्बल्डन, कोपऱ्यात आमची न्यूझीलंडशी उपांत्य फेरी. दर दोन मिनिटांनी कुणीतरी मोरीकडे निघे आणि धोनीला आडवा येई. शेवटी गप्टिलची फेक यष्टींवर बसली. धोनी ५० वर धावबाद. ‘अरे देवा!’ मी चक्क ओरडलो. टेनिसवाल्यांनी माना वळवल्या. शेजारच्या म्हाताऱ्या साहेबाने काही न बोलता वेफर्सचा पुडा उभा फाडला आणि माझ्यापुढे सरकवला.

टीव्हीचा आवाज बंद होता, हे तेव्हा पहिल्यांदाच बरं वाटलं.