खुर्ची आणि आवाज : रॉबर्ट वायटच्या ध्वनिमुद्रणांमागील काही गोष्टी

पाचवीच्या वर्गात दरवर्षी दोन-तीन मुले अशी येतात, की त्यांना 'अलिफ, बे, पे' तोंडपाठ असते, पण फळ्यावरचे अक्षर ओळखता येत नाही. म्हणून शाळा सुरू झाली की पहिले काही दिवस मी पुन्हा अलिफ-बेपासूनच सुरुवात करते. मुले सुरात म्हणतात. अर्थ अजून यायचा असतो, नुसता आवाज असतो. अशाच दिवसांत एकदा बसमधून घरी येताना मोबाईलवर एक इंग्रजी गाणे लागले. नाव पाहिले तर 'अलिफिब'. मी चमकले. हा कोण इंग्रज आमची अलिफ-बे गातो आहे?

अर्थात तो योगायोग होता. गाणाऱ्याच्या पत्नीचे नाव अल्फ्रेडा बेंज, घरातले नाव अल्फी, आणि त्या नावाशी खेळून हा शब्द तयार झालेला. पण गाणे ऐकले तेव्हा वाटले, माझी चूक अगदीच चूक नव्हती. मागे कुजबुजीसारखा श्वास तालावर चालू राहतो आणि गायक बोबडे, अर्धवट, अर्थ न लागणारे शब्द म्हणत राहतो. भाषा शिकण्याच्या आधीची ती भाषा आहे. तेव्हापासून मी रॉबर्ट वायट या कलावंताच्या ध्वनिमुद्रणांचा मागोवा घेत आले. त्यातून हाती लागलेल्या काही गोष्टी येथे मांडते. संगीताची जाणकार म्हणून मी हे लिहीत नाही. साहित्य वाचण्याची आपली जी एक सवय आहे, तिच्याविषयी या गोष्टी काही सांगतात, म्हणून लिहिते.

वायट हा 'प्रोग्रेसिव्ह रॉक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संगीतातला माणूस. साठ-सत्तरच्या दशकांत इंग्लंडमधील काही तरुणांनी तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडली, जॅझ आणि पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा आधार घेतला आणि लांबलचक रचना केल्या. त्यांपैकी 'सॉफ्ट मशीन' हा एक महत्त्वाचा संच. वायटचा जन्म १९४५ चा, ब्रिस्टलचा. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या संचाचा तो ड्रमवादक आणि गायक. १९७१ मध्ये तो संचातून बाहेर पडला आणि 'मॅचिंग मोल' हा नवा संच काढला. हे नाव म्हणजे 'सॉफ्ट मशीन'च्या फ्रेंच भाषांतराचा इंग्रजी कानाला ऐकू येणारा उच्चार. ज्या घरातून बाहेर पडलो, त्याचीच पाटी दुसऱ्या लिपीत लावावी, तसा हा विनोद.

१ जून १९७३ रोजी लंडनमध्ये एका मेजवानीत, दारूच्या नशेत, तो चौथ्या मजल्याच्या खिडकीतून खाली पडला. पाठीचा कणा मोडला. कमरेखालचे शरीर कायमचे निकामी झाले. पायांनी वाजवायचे ड्रम संपले. अनेक महिने स्टोक मँडव्हिल इस्पितळात काढल्यावर तो चाकाच्या खुर्चीत बसून बाहेर आला. २६ जुलै १९७४ रोजी त्याची 'रॉक बॉटम' ही ध्वनिमुद्रिका प्रकाशित झाली. त्याच दिवशी त्याचे आणि अल्फीचे लग्न झाले.

आता कोणताही समीक्षक काय म्हणेल? नावातच 'तळ गाठणे' आहे. संगीत संथ, पाण्याखाली वाजल्यासारखे. आवाज उंच, कातर. म्हणजे अपघातग्रस्त माणसाचा हा आक्रोश. वर्षानुवर्षे या ध्वनिमुद्रिकेविषयी असेच लिहिले गेले.

प्रत्यक्षात काय घडले? त्यातील बरेचसे संगीत वायट पडण्याच्या आधीच सुरू झाले होते. १९७२-७३ च्या हिवाळ्यात अल्फी व्हेनिसमध्ये निकोलस रोग यांच्या 'डोन्ट लुक नाऊ' या चित्रपटावर काम करत होती. वायट तिच्यासोबत जुडेका बेटावर राहिला. तिला दिवसभर काम, याला काही नाही. म्हणून तिने त्याला एक स्वस्तातला छोटा ऑर्गन आणून दिला. त्याचा सूर थरथरत लांबत असे, आणि खाली सगळीकडे पाणी. 'सी साँग' या पहिल्या गाण्याची ती थरथर तिथली आहे, इस्पितळातली नाही. हे संगीत तो नव्या संचासाठी तयार करत होता. पुढे इस्पितळात भेटीला येणाऱ्यांच्या खोलीत एक जुना पियानो सापडला, तेव्हा त्याने अर्धवट राहिलेले काम पुढे चालू केले.

ज्याला आपण जखमेचे संगीत म्हणतो, त्याची सुरुवात एका रिकाम्या बसलेल्या, प्रेमात पडलेल्या, धडधाकट माणसाच्या दुपारींत झाली होती.

मग अपघाताने काहीच केले नाही का? केले. पण ते गाण्यांच्या विषयात नाही, घडणीत दिसते. कायमचा संच चालवणे आता शक्य नव्हते. म्हणून प्रत्येक गाण्याला जो लागेल तो वादक बोलवायचा, बाकीचे स्वतः वाजवायचे, असे त्याने ठरवले. हीसुद्धा पूर्ण नवी गोष्ट नव्हती. १९७० च्या 'थर्ड' या सॉफ्ट मशीनच्या ध्वनिमुद्रिकेत 'मून इन जून' ही त्याची जवळजवळ एकोणीस मिनिटांची रचना आहे. तिच्या पूर्वार्धातील बहुतेक सगळी वाद्ये त्याने एकट्यानेच वाजवली होती. म्हणजे अपघाताने वाट निर्माण केली नाही. असलेल्या वाटांपैकी एकच उघडी ठेवली.

'रॉक बॉटम'चे बरेचसे ध्वनिमुद्रण १९७४ च्या सुरुवातीला विल्टशर परगण्यातील लिटल बेडविन येथे, डेल्फिना नावाच्या मैत्रिणीच्या शेतघरी झाले. ध्वनिमुद्रणाची यंत्रे भरलेली मोटार शेतात उभी केली होती. वाद्यांच्या श्रेयनामावलीत पियानो आणि ऑर्गनच्या जोडीला काय आहे पाहा : जेम्सचा ड्रम, डेल्फिनाचा ग्लास, डेल्फिनाचा ट्रे आणि एक लहानशी बॅटरी. ज्याचे ड्रम गेले, त्याने स्वयंपाकघरातला ट्रे घेतला. ही यादी मला कोणत्याही करुण कहाणीपेक्षा अधिक बोलकी वाटते. निर्मिती पिंक फ्लॉइडच्या निक मेसनची. ट्रंपेट वाजवणारा मोंगेझी फेझा हा वर्णभेदामुळे दक्षिण आफ्रिका सोडून आलेला कलावंत. आणि ज्या 'अलिफिब'ने मला बसमध्ये थांबवले, त्याला जोडूनच येणाऱ्या 'अलाइफ'च्या शेवटी खुद्द अल्फीचा आवाज येतो. ती त्याला गमतीने, पण ठामपणे सुनावते, की मला गृहीत धरू नकोस. शोकगीतात शोक करणाऱ्याला कोणी असे उलट उत्तर देत नाही. हे दोन जिवंत माणसांचे बोलणे आहे.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याने 'आय ॲम अ बिलिव्हर' हे जुने लोकप्रिय गाणे गाऊन प्रसिद्ध केले. ते ब्रिटनच्या यादीत २९ व्या क्रमांकापर्यंत गेले. दूरचित्रवाणीवरील 'टॉप ऑफ द पॉप्स' कार्यक्रमात गाण्यासाठी बोलावणे आले, तेव्हा निर्मात्याने अडचण सांगितली : चाकाची खुर्ची कुटुंबाने बसून पाहण्याच्या कार्यक्रमात बरी दिसणार नाही. वायटने नकार दिला आणि तो खुर्चीतच बसून गायला.

येथे मला थांबावेसे वाटते. दूरचित्रवाणीला खुर्ची लपवायची होती. समीक्षकांना खुर्चीखेरीज काही दिसत नव्हते. वरवर या दोन उलट गोष्टी आहेत, पण दोघांनीही एकच काम केले : आवाज ऐकला नाही.

या वार्षिकाच्या वाचकांना हे ओळखीचे वाटेल. काही वर्षांपूर्वी एका काव्यसंमेलनात मी माझ्या अम्मीच्या शिलाई मशीनवर कविता वाचली. रात्री पायपट्टीचा येणारा आवाज, दोरा तुटला की पडणारी शांतता आणि पुन्हा सुरू होणारा ताल, एवढाच तिचा विषय. अम्मी हौसेने शिवायची. माझ्या बी.एड.ची फी त्यातून भरली गेली. समारोप करणाऱ्या गृहस्थांनी 'मुस्लीम स्त्रीच्या घुसमटीचा दाहक अनुभव' म्हणून कवितेचा गौरव केला. टाळ्या पडल्या. तालाबद्दल कोणी बोलले नाही. चहाच्या वेळी दुसऱ्या एकांनी विचारले, 'उर्दू शाळेत शिकवता, मग इतके चांगले मराठी कसे?' एकाला माझी खुर्ची तेवढी दिसली आणि दुसऱ्याला ती नसती तर बरे वाटले असते.

अनुभवाची प्रामाणिकता हा आपल्या समीक्षेचा आवडता शब्द आहे. दलित आणि मुस्लीम लेखनाला त्याने एकेकाळी दार उघडून दिले, हे नाकारता येत नाही. पण त्याच शब्दाने पुढे आम्हाला दारातच उभे केले. आमच्या कथेची घडण, भाषा, विनोद यांवर दोन ओळी आणि 'भोगलेल्या' दुःखावर दोन पाने, असा हिशेब किती प्रस्तावनांत सापडतो! आणि खरे सांगायचे तर आपण स्वतःही त्या हिशेबाला सरावलो आहोत. कौतुक होते म्हणून जखम पुढे करून लिहिण्याचा मोह मलाही झाला आहे.

वायटने तो मोह टाळला. ज्याच्या शरीराकडे सगळे पाहत होते, त्याने पुढची गाणी स्वतःच्या शरीरावर फारशी केलीच नाहीत. १९८२ च्या 'नथिंग कॅन स्टॉप अस' या संग्रहात 'ग्रास' नावाचे गाणे आहे. त्यात तबला इस्माईल शेख यांचा आणि शहनाई कादिर दुर्वेश यांची. त्याच संग्रहात 'ट्रेड युनियन' हे गाणे तर वायट गातच नाही. लंडनमधील 'दिशारी' या बंगाली कलावंतांच्या गटाला त्याने ती जागा दिली आहे. स्वतःच्या पुस्तकातली काही पाने दुसऱ्या लेखकाला, त्याच्या भाषेत, कोरी सोडून द्यावीत, असे हे औदार्य आहे.

१९९१ च्या 'डोंदेस्तान' या ध्वनिमुद्रिकेचे नाव ऐकून मी दुसऱ्यांदा चमकले. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ 'ते कुठे आहेत?' पण त्याच्या शेवटी 'स्तान' ऐकू येते. गुलिस्तान, कब्रस्तान यांतला, जागा दाखवणारा आपला फारसी प्रत्यय. ज्यांची जागाच हिरावली गेली त्या पॅलेस्टिनी लोकांविषयीचे हे गाणे आहे, आणि एका शब्दात प्रश्नही आहे आणि हरवलेला मुलूखही. २०१० मध्ये हेच गाणे नव्या रूपात आले, तेव्हा त्यात पॅलेस्टिनी रॅप गायक स्वतः गायले. 'ते कुठे आहेत?' या प्रश्नाला, आम्ही इथे आहोत, असे उत्तर त्यांच्याच भाषेत मिळाले.

२००३ च्या 'कुकूलँड'मध्ये 'लल्लबाय फॉर हमजा' आहे. १९९१ मध्ये बगदादवर बॉम्ब पडत असताना जन्मलेल्या मुलासाठीची ही अंगाई. शब्द अल्फीचे. ज्या वर्षी ती आली, त्याच वर्षी इराकवर पुन्हा फौजा चालून गेल्या. माझ्या हजेरीपटावर दरवर्षी एखादा तरी हमजा असतो. गाण्यात आरडाओरड नाही, घोषणा नाही. अंगाईचा संथपणाच तेवढा आहे, आणि म्हणूनच ती अंगावर येते.

सगळेच असे साधलेले नाही, हेही सांगायला हवे. १९८५ च्या 'ओल्ड रॉटनहॅट'मधील काही गाणी मला गाण्यांपेक्षा पत्रके वाटतात. १९८१ मध्ये त्याने 'स्टॅलिन वॉझन्ट स्टॉलिन' हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले, स्टॅलिनची वाहवा करणारे गाणे पुन्हा गायले. वाद्याविना, स्वतःचेच अनेक आवाज एकमेकांवर चढवून. कारागिरी अप्रतिम आहे. पण १९४४ मध्ये याच स्टॅलिनच्या हुकमाने क्रिमियातील तातार मुसलमानांना घरादारातून उचलून मध्य आशियात नेऊन टाकले गेले, हे ठाऊक असलेल्याला ते ऐकताना अवघडल्यासारखे होते. 'डोंदेस्तान'चा प्रश्न त्याने त्या तातारांसाठीही विचारायला हवा होता. कलावंताच्या खुर्चीकडे पाहून त्याला माफ करणे, हाही त्याला न ऐकण्याचाच एक प्रकार आहे.

२०१४ मध्ये वायटने नवे संगीत करणे थांबवल्याचे सांगितले. त्याआधी, २००७ च्या 'कॉमिकोपेरा'चा शेवटचा भाग त्याने इटालियन आणि स्पॅनिशमध्ये गायला. इंग्रजी बोलणाऱ्या सत्तांनी चालवलेल्या युद्धांनंतर त्या भाषेपासून थोडे दूर जावे, असे त्याला वाटले होते. मी उर्दू शिकवते आणि मराठीत लिहिते. माझे कारण त्याच्यासारखे नाही. दोन्ही माझ्याच आहेत, एवढेच. पण लेखक कोणत्या भाषेत बोलतो हा त्याच्या घडणीचा भाग असतो, त्याच्या ओळखपत्राचा नव्हे, हे मला त्याच्याकडून अधिक स्पष्ट कळले.

आपल्या लेखकांची पुस्तके हाती घेताना एवढे केले तरी पुरे : याने काय भोगले, हे विचारण्याआधी याने हे कशाने वाजवले, ते विचारावे. कधी तिथे पियानो असेल, कधी शिलाई मशीन, कधी कोणाच्या तरी स्वयंपाकघरातला ट्रे.