अवधानविकार, वय आणि ‘वारंवार’ हा शब्द

अवधानन्यूनता व अतिक्रियाशीलता हा विकार (एडीएचडी) असलेले मूल वयात आले म्हणजे आपोआप सुधारते, ही समजूत जुनी आहे. अमेरिकन मनोरोगचिकित्सकांच्या संघटनेने १९६८ साली काढलेल्या निदानपुस्तिकेतही असे वर्तन पौगंडावस्थेत बहुधा ओसरते, असेच म्हटले होते. टेरी मॉफिट व त्यांचे सहकारी यांचा २०१५ सालचा निबंध ह्या समजुतीची कसोटी पाहतो. न्यूझीलंडमधील डनीडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांच्या दीर्घकालीन पाहणीवर तो आधारलेला आहे.

बालपणी विकार आढळलेल्या ६१ जणांपैकी केवळ तिघांत वयाच्या ३८ व्या वर्षी निदानाची लक्षणे पुरेशा संख्येने आढळली. वरवर पाहता हा जुन्या समजुतीचा विजयच होय. परंतु बुद्धिमापनाच्या कसोट्यांत ह्याच गटाचे उणेपण प्रौढ वयातही टिकून होते. उलटपक्षी, ३८ व्या वर्षी विकार आढळलेल्या ३१ जणांच्या गटात तसे उणेपण ना बालपणी दिसले, ना प्रौढपणी. प्रौढांतील हा विकार मूलतः निराळा असावा, अशी शक्यता निबंधकारांनी यावरून सुचविली आहे.

ही शक्यता स्वीकारण्यापूर्वी निदानाची भाषा तपासणे अगत्याचे आहे. पुस्तिकेतील प्रत्येक लक्षणाला ‘वारंवार’ ह्या अर्थाचे क्रियाविशेषण जोडलेले आहे. हा शब्द मोजमाप सांगत नाही; तो तुलना सुचवितो. मुलाविषयी तो पालक व शिक्षक वापरतात आणि त्यांच्यासमोर वर्गातील इतर मुले असतात. प्रौढ मनुष्य तो मुख्यतः स्वतःविषयी वापरतो आणि त्याची तुलना स्वतःच्या कामाच्या ओझ्याशी असते. २०१३ च्या आवृत्तीत प्रौढांसाठी उदाहरणे घातली गेली, सतरा वर्षांपासून पुढे सहांऐवजी पाच लक्षणे पुरेशी ठरली. शब्द मात्र तोच राहिला. तेव्हा ६१ आणि तीन ह्या आकड्यांतील अंतर कितपत माणसे बदलल्यामुळे पडले व कितपत बोलणारा बदलल्यामुळे, हे केवळ त्या आकड्यांवरून ठरविता येत नाही.

कसोट्यांचे गुण ह्या शब्दावर अवलंबून नाहीत. म्हणूनच निबंधाचा तो भाग अधिक भक्कम आहे. लक्षणे ओसरणे आणि विचारशक्तीची उणीव भरून निघणे ह्या दोन भिन्न गोष्टी होत, हे त्याने दाखविले आहे. हा भेद न ओळखल्यास, ज्याची चंचलता निमाली पण उणीव उरली, तो ‘बरा झाला’ ह्या शब्दांनीच मदतीला मुकतो.