चेर्नोबिलचे दोन अहवाल : एक पाठचिकित्सा

प्राचीन ग्रंथांच्या अभ्यासकाला पाठभेद नवे नाहीत. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९६६ साली पूर्णत्वास नेली, ती असंख्य पोथ्यांतील असे भेद तोलूनच. परंतु तेथील भेद लेखनिकांच्या हातून, शतकांच्या अंतराने पडलेले असतात. एकाच मंडळाने एकाच घटनेविषयी सहा वर्षांच्या अंतराने दोन पाठ सिद्ध करावेत आणि दुसऱ्या पाठाने त्या घटनेचा प्रमुख कर्ताच बदलावा, असा प्रसंग विरळा. चेर्नोबिल येथील अपघातासंबंधी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या अणुसुरक्षा सल्लागार गटाने प्रसिद्ध केलेले दोन अहवाल ह्या जातीचे आहेत. पहिला १९८६ चा, दुसरा १९९२ चा. गटाच्या प्रकाशनांत त्यांचे अनुक्रमांक एक आणि सात असे आहेत. तंत्रज्ञांनी ते तंत्रज्ञांसाठी लिहिले असले, तरी त्यांवर काही माणसांचे चारित्र्य अवलंबून होते. त्यामुळे ग्रंथपरीक्षणाची कसोटी त्यांना लावणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम घटनेचा सांगाडा. २६ एप्रिल १९८६ रोजी उत्तररात्री एक वाजून तेवीस मिनिटांच्या सुमारास चेर्नोबिलच्या चौथ्या अणुभट्टीत स्फोट झाला. त्या रात्री एक चाचणी चालू होती. बाहेरचा वीजपुरवठा तुटला, तर थांबत चाललेले टर्बाइन आपल्या उरलेल्या गतीवर पंपांना काही काळ वीज पुरवू शकेल काय, हे पाहावयाचे होते. म्हणजे चाचणीचा हेतू सुरक्षेचाच होता. ती दिवसा व्हावयाची. पण कीव्हच्या वीजवितरण-नियंत्रकाने भट्टीची वीज आणखी काही तास मागितली आणि काम रात्रीच्या पाळीकडे गेले. योजनेप्रमाणे भट्टीची औष्णिक शक्ती ७०० ते १००० मेगावॅट ठेवावयाची होती. ती एकाएकी ३० मेगावॅटपर्यंत घसरली आणि मोठ्या खटपटीने २०० पर्यंत वर आणण्यात आली. त्यासाठी नियंत्रक दांड्यांपैकी बहुतेक दांडे गाभ्याबाहेर ओढावे लागले. चाचणी सुरू झाली, छत्तीस सेकंदांनी भट्टी तातडीने बंद करण्याची कळ दाबली गेली आणि त्यानंतर काही क्षणांतच शक्ती आवरेनाशी झाली.

पहिला अहवाल ऑगस्ट १९८६ च्या अखेरीस व्हिएन्ना येथे भरलेल्या परिषदेवर आधारलेला आहे. वालेरी लेगासोव ह्यांच्या नेतृत्वाखाली सोव्हिएत तज्ज्ञांनी तेथे सविस्तर निवेदन केले. सल्लागार गटापुढे साधन होते ते मुख्यतः एवढेच, आणि त्यातून जे चित्र निघाले ते चालकांच्या प्रमादांचे होते. त्यात सहा ठळक उल्लंघने गणली आहेत : गाभ्यातील दांड्यांचे प्रमाण किमान मर्यादेखाली जाऊ दिले, ठरल्यापेक्षा पुष्कळ कमी शक्तीवर काम चालविले, सर्व आठ पंप चालू करून पाण्याचा प्रवाह वाढविला, दोन्ही टर्बाइने थांबताच भट्टी बंद करणारी योजना निकामी केली, पाण्याची पातळी व वाफेचा दाब ह्यांवर चालणारी संरक्षणे अडविली, आणि आपत्कालीन शीतन-व्यवस्था तोडून ठेवली. यादी वाचीत जावे तसा वाचकाच्या मनात निष्कर्ष आपोआप तयार होतो. इतक्या बेफिकीर माणसांच्या हाती कोणते यंत्र सुरक्षित राहिले असते? यंत्राच्या रचनेतील दोषांचा उल्लेख पहिल्या अहवालात नाही असे मुळीच नव्हे. परंतु तेथे ते दोष पार्श्वभूमीसारखे येतात. रंगमंच चालकांनी व्यापलेला आहे.

आता दुसरा पाठ पाहू. तो नव्याने हाती आलेल्या साधनांवर उभा आहे. त्याच्या परिशिष्टांत दोन सोव्हिएत अभ्यास संपूर्ण छापले आहेत. त्यांपैकी पहिला निकोलाय श्तेइनबर्ग ह्यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाचा, १९९१ सालचा आहे. ह्या साधनांच्या प्रकाशात ती सहा कलमांची यादी एकेका कलमाने ढासळू लागते. ७०० मेगावॅटखाली भट्टी चालवू नये, असा नियम त्या वेळी अस्तित्वातच नव्हता. असावयास हवा होता, ही गोष्ट वेगळी. आठ पंप चालविण्यास मनाई नव्हती. टर्बाइनशी निगडित बंद-योजना कमी शक्तीवर निष्क्रिय करणे कार्यनियमांना धरून होते. आपत्कालीन शीतन-व्यवस्था तोडल्याचा अपघाताच्या प्रारंभाशी कार्यकारणसंबंध दिसत नाही. खरोखरी वजनदार उरते ते पहिले कलम, दांड्यांच्या प्रमाणाचे. किमान मर्यादा १५ दांड्यांइतकी होती आणि अपघातापूर्वी ती सुमारे ८ वर आली होती, हे दुसरा अहवालही मान्य करतो.

परंतु ह्याच कलमाचा अर्थ दुसऱ्या अहवालात मुळापासून बदलतो, आणि येथे वाचकाला थोडे यंत्रशास्त्र सोसावे लागेल. चेर्नोबिलच्या भट्टीत न्यूट्रॉनांचा वेग मंदावण्याचे काम ग्रॅफाइट करी आणि उष्णता वाहून नेण्याचे काम पाणी. पाणी काही न्यूट्रॉन शोषूनही घेते. पाण्याची वाफ झाली की हे शोषण कमी होते. ग्रॅफाइट मात्र जागच्या जागी असते. परिणामी वाफ वाढली की विखंडन वाढते, विखंडन वाढले की वाफ आणखी वाढते. हा दोष सोव्हिएत तज्ज्ञांनी व्हिएन्ना येथे मोकळेपणाने सांगितला होता. दुसरा दोष अधिक चमत्कारिक आहे. न्यूट्रॉन गिळणाऱ्या बहुतेक दांड्यांच्या खाली ग्रॅफाइटचा एक लांब तुकडा जोडलेला असे. दांडा पूर्ण वर ओढला म्हणजे हा सुमारे साडेचार मीटरांचा तुकडा सात मीटर उंचीच्या गाभ्याच्या मध्यभागी येई आणि त्याच्या खाली सव्वा मीटर पाणी उरे. दांडा खाली सोडताच ग्रॅफाइट त्या पाण्याला बाहेर ढकली. गाभ्याच्या तळाशी शोषक द्रव्य जाऊन त्या जागी मंदायक येई आणि तेथील विखंडन काही क्षण वाढे. थोडक्यात, भट्टी विझविण्याची कळ प्रथम तिला फुंकर घाली. थोडेसेच दांडे वर असते, तर हे जाणवले नसते. बहुतेक सर्व वर असताना आणि सर्व एकदम खाली येताना हा परिणाम प्राणघातक झाला. दांडे तळापर्यंत पोचण्यास १८ ते २० सेकंद लागत; स्फोटाने तेवढी सवड दिली नाही.

म्हणून दांड्यांच्या किमान प्रमाणाचा नियम हा भट्टी थांबविण्याच्या क्षमतेचाच आधार होता. चालकांना मात्र तो गाभ्यातील शक्तीच्या वाटपासंबंधीचा नियम म्हणून सांगितलेला होता. तो आकडाही त्यांच्या डोळ्यांपुढील तबकडीवर दिसत नसे. गणकयंत्राकडून तो काढून घ्यावा लागे आणि त्यास कित्येक मिनिटे लागत. नियम मोडला हे खरे. परंतु ज्या नियमाचे मर्म सांगणाऱ्यानेच झाकून ठेवले, तो मोडणाऱ्यावर किती दोष ठेवावयाचा? पहिल्या अहवालाला हा प्रश्न पडत नाही, कारण उत्तराची सामग्री त्याला दिलेलीच नव्हती.

झाकून ठेवले, हा शब्द प्रस्तुत लेखकाने विचारपूर्वक योजिला आहे. दांडे शिरताना विखंडन वाढते, ही गोष्ट १९८३ साली लिथुएनियातील इग्नालिना येथील भट्टी प्रथम चालू करताना प्रत्यक्ष मोजली गेली होती. मुख्य रचनाकार संस्थेने अन्य केंद्रांना ती कळविली आणि रचनेत सुधारणा होईल असेही लिहिले. ती सुधारणा झाली नाही. सुचविलेले निर्बंध केंद्रांच्या कार्यनियमांत उतरले नाहीत. दुसरा अहवाल हे सर्व नोंदवितो. माझ्या मते त्यातील सर्वांत मोलाचा भाग हाच होय, आणि तो आणखी विस्ताराने व ठसठशीतपणे यावयास हवा होता.

पहिल्या अहवालाच्या कर्त्यांवर मात्र अन्याय होता कामा नये. अशा ग्रॅफाइट-भट्ट्यांचे कूळ प्लुटोनियम तयार करणाऱ्या लष्करी भट्ट्यांचे. त्यांतील वापरलेले इंधन बाहेर काढून, आम्लांत विरघळवून प्लुटोनियम वेगळे करण्याचा जो पुनर्प्रक्रियेचा उद्योग होता, तो सारा गुप्ततेच्या तटाआड चाले. उरल प्रदेशातील मायाक येथे १९५७ साली ह्याच प्रक्रियेतून उरलेल्या द्रव कचऱ्याच्या टाकीचा प्रचंड स्फोट झाला आणि सोव्हिएत शासनाने त्याची जाहीर कबुली दिली ती १९८९ साली! अशा परंपरेतून आलेल्या शिष्टमंडळाने अपघातानंतर चार महिन्यांत परकी तज्ज्ञांपुढे पाच दिवस बोलावे, हेच नवल होते. त्या मोकळेपणाने श्रोते भारावले असल्यास नवल नाही. चिकित्सकाने येथे एक धडा घ्यावा : साक्षीदार पुष्कळ सांगतो म्हणून तो सर्व सांगतो असे नव्हे. लेगासोव ह्यांनी एप्रिल १९८८ मध्ये आत्महत्या केली. त्यांच्या मनात काय होते ह्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही.

दुसऱ्या अहवालासंबंधीही दोन तक्रारी नोंदविणे प्राप्त आहे. पहिली तक्रार त्याच्या स्वराची. पूर्वीचे निष्कर्ष त्या वेळी मिळालेल्या माहितीवर आधारलेले होते, असे तो म्हणतो. हे खरे आहे. पण त्या निष्कर्षांचे पुढे काय झाले? जुलै १९८७ मध्ये चेर्नोबिल गावातच खटला चालला आणि केंद्राचे संचालक ब्र्युखानोव, मुख्य अभियंता फोमिन व उपमुख्य अभियंता द्यातलोव ह्यांना प्रत्येकी दहा वर्षांची शिक्षा झाली. खटला अहवालामुळे झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. सोव्हिएत यंत्रणेने आपला कौल आधीच ठरविला होता. परंतु जगाच्या दृष्टीने त्या कौलाला शास्त्राचे पाठबळ लाभले ते पहिल्या अहवालाने. जेथे माणसे तुरुंगात गेली, तेथे ‘बदललेला भर’ एवढ्यावर भागत नाही.

दुसरी तक्रार अधिक तात्त्विक आहे. पहिल्या अहवालाने एक नवा शब्दप्रयोग रूढ केला. त्याचे मराठी रूप ‘सुरक्षा-संस्कृती’ असे होते. १९९१ साली गटाने त्यावर स्वतंत्र पुस्तिकाच काढली आणि दुसरा अहवाल तर अपघाताचे मूळच तेथे शोधतो : केवळ चेर्नोबिलच्या केंद्रात नव्हे, तर रचनाकार, चालक व नियामक अशा सर्व सोव्हिएत संस्थांत ह्या संस्कृतीचा अभाव होता, असे त्याचे प्रतिपादन आहे. प्रतिपादन सत्य आहे. तरीही मराठी वाचकाच्या कानाला ‘संस्कृती’ हा शब्द येथे फार सैल वाटतो. आपल्याकडे संस्कृती म्हटली की वेरूळपासून दिवाळी अंकापर्यंत काहीही मावते. अहवालाला जे अभिप्रेत आहे त्यास ‘वळण’ हा घरगुती शब्द अधिक जवळचा आहे. मुलाला वळण लावणारा कोणीतरी असतो आणि वळण न लागल्यास त्याला जाब विचारता येतो. संस्कृतीच्या अभावाबद्दल जाब कोणाला विचारावा? १९८३ सालचे पत्र पाठवून स्वस्थ बसलेली माणसे त्या व्यापक शब्दाच्या सावलीत सुखाने उभी राहतात. पहिल्या अहवालात दोष थोड्या माणसांच्या डोक्यावर होता; दुसऱ्यात तो इतका पसरला आहे की कोणाच्याच डोक्यावर जड होत नाही.

चालक निर्दोष होते, असा माझा पक्ष नाही. दुसऱ्या अहवालाचाही नाही. कार्यक्रमात नसलेल्या २०० मेगावॅटच्या पातळीवर, अस्थिर झालेल्या भट्टीत चाचणी रेटणे हा गंभीर अविवेक होता, हे त्याचे मत योग्यच आहे. मात्र शब्दांपेक्षा कृती अधिक बोलते, असे मानणाऱ्याने अपघातानंतर त्याच जातीच्या उरलेल्या भट्ट्यांत काय केले गेले ते पाहावे. इंधनातील युरेनियम-२३५ चे प्रमाण २ वरून २.४ टक्क्यांवर नेले, गाभ्यात ८० हून अधिक कायमचे शोषक बसविले, दांड्यांची किमान मर्यादा १५ वरून ४३ ते ४८ केली, दांड्यांची रचना बदलली आणि त्यांच्या उतरण्याची वेळ १८ वरून १२ सेकंदांवर आणली. दोष केवळ माणसांचा असता, तर माणसे बदलून भागले असते.

इतके होऊनही पहिल्या अहवालातील ती सहा कलमे लोकप्रिय लेखनात आजही जशीच्या तशी उतरविली जातात. दुसरा पाठ उपलब्ध असताना पहिल्याचा दाखला देणे हे आमच्या क्षेत्रात अक्षम्य मानले जाते. विज्ञानलेखकांनीही ते तसे मानावे.

एक स्थळ दोन्ही पाठांत संदिग्धच राहते. भट्टी बंद करण्याची ती कळ का दाबली गेली? चालकांना काही विपरीत दिसले म्हणून, की चाचणी आटोपल्यावर भट्टी नेहमीप्रमाणे थांबवावयाची म्हणून? द्यातलोव ह्यांनी अखेरपर्यंत दुसरे कारण सांगितले. ते १९९० साली सुटले आणि १९९५ साली वारले. नोंदयंत्रांत त्या क्षणापूर्वी धोक्याची काही खूण उमटलेली नाही आणि श्तेइनबर्ग आयोगाने पुष्कळ सामग्री चाळूनही कारण निश्चित करता येत नाही असे लिहिले. पाळीप्रमुख अलेक्सांद्र अकीमोव ११ मे १९८६ रोजी आणि भट्टीच्या नियंत्रणावर बसलेला पंचवीस वर्षांचा लिओनिद तोप्तुनोव १४ मे रोजी मॉस्को येथील रुग्णालयात मरण पावले.